मानेतल्या चार ग्रंथी, पोटाची शस्त्रक्रिया आणि कॅल्शियमचा जमाखर्च



साकेत नगरातून सकाळी जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाने एम्सपुढची गर्दी पाहिलेली आहे. कुणी विदिशेहून आलेले असते, कुणी बैतूलहून, कुणी नर्मदापुरमहून. बहुतेकांच्या हातात एक पिशवी असते आणि त्या पिशवीत जुन्या कागदांची फाइल. २०१२ साली या संस्थेत एमबीबीएसची पहिली तुकडी दाखल झाली. तेव्हापासून "एकदा एम्समध्ये दाखवून घ्या" हे वाक्य आपल्या घराघरांत रुळले आहे.

या अंकातील विज्ञान-पाठासाठी आम्ही दोन शस्त्रक्रिया निवडल्या आहेत. एकीत मानेतली डाळीच्या दाण्याएवढी ग्रंथी उचलून दुसऱ्या जागी रुजवतात. दुसरीत लठ्ठपणावर उपाय म्हणून जठर लहान करतात. एक मानेची, दुसरी पोटाची. दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु शरीरात एक जागा अशी आहे की जिथे या दोन्ही शस्त्रक्रिया एकमेकींना भेटतात. ती भेट रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या ध्यानात नसेल, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. ती जागा कोणती, हे समजून घेणे हाच आजचा धडा.

१) चार दाणे आणि त्यांचे काम

आपल्या मानेच्या पुढच्या भागात, कंठाच्या खाली, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. पाठ्यपुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. तिच्या मागच्या बाजूला चिकटून, बहुतेक माणसांत चार, लहान पिवळसर-तपकिरी ग्रंथी असतात. याच परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी. एकेकीचे वजन साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, म्हणजे चारही मिळून एका ग्रॅमच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास.

नाव सारखे असले तरी दोघींचे काम अगदी वेगळे आहे. थायरॉइड शरीराच्या कामाचा वेग ठरवते. पॅराथायरॉइड रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवते.

कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आणि दात आठवतात, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातले ९९ टक्के हाडांत व दातांत असते. पण उरलेला जो एक टक्का रक्तात व पेशींत फिरत असतो, त्याच्यावाचून स्नायू आकुंचन पावत नाहीत, मज्जातंतूंचे निरोप नीट जात नाहीत आणि हृदयाचे ठोके नियमित पडत नाहीत. रक्तातले कॅल्शियम दर १०० मिलिलिटरला साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यातच राहावे लागते.

घरच्या जमाखर्चाचे उदाहरण घेऊ. हाडे ही तिजोरी. रक्त हा रोजच्या खर्चाचा खिसा. आतडे म्हणजे पगार आणणारा, कारण अन्नातले कॅल्शियम तिथूनच आत येते. मूत्रपिंडातून काही खर्च बाहेर जातो. पॅराथायरॉइड हा या घरचा कारभारी. खिशात पैसे कमी पडले की तो तीन गोष्टी करतो. तिजोरी उघडून हाडांतले कॅल्शियम रक्तात आणतो. मूत्रपिंडाला सांगतो की खर्च आवर. आणि मूत्रपिंडाकडूनच ड जीवनसत्त्वाला त्याचे कामाचे रूप देववतो, म्हणजे आतडे जास्त कॅल्शियम शोषून घेते. ही तिन्ही कामे तो एकाच संप्रेरकाच्या द्वारे करतो. त्याला पॅराथायरॉइड हॉर्मोन, थोडक्यात पीटीएच म्हणतात.

कारभारीच नाहीसा झाला तर? तोंडाभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हाताची बोटे आखडून वळतात, पेटके येतात, फार झाले तर झटके येतात आणि श्वास अडतो. याला टिटॅनी म्हणतात. गंजका खिळा लागून होणारा धनुर्वात तो हा नव्हे. धनुर्वात जंतूमुळे होतो, टिटॅनी कॅल्शियम घटल्यामुळे.

उलट कारभारी फार उत्साही झाला, म्हणजे एखादी ग्रंथी वाढून जास्त पीटीएच सोडू लागली, तर तिजोरी रिकामी होत जाते. हाडे ठिसूळ होतात, मूतखडे होतात, थकवा येतो. अशी ग्रंथी शस्त्रक्रियेने काढावी लागते.

२) गेंडा, विद्यार्थी आणि दोन शल्यचिकित्सक

या ग्रंथींचा शोध आपल्या देशातल्या एका प्राण्यापासून सुरू होतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने १८३४ साली एक भारतीय गेंडा विकत घेतला होता. तो १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन या शरीररचनाशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉइडला चिकटलेला एक लहान पिवळा गोळा त्याला दिसला. त्याने तो नोंदवून ठेवला. एवढ्या मोठ्या प्राण्यात एवढीशी वस्तू नजरेतून सुटली नाही, हे विशेष.

माणसातल्या या ग्रंथी शोधल्या त्या स्वीडनमधील उप्साला येथील ईवार सँडस्ट्रॉम याने, तोही वैद्यकीचा विद्यार्थी असताना. आधी त्याला त्या एका कुत्र्यात दिसल्या. मग त्याने ५० मानवी देह तपासले आणि त्यांतल्या ४३ जणांत त्या सापडल्या. १८८० साली त्याने हे प्रसिद्ध केले. ग्रंथींचे काम काय ते मात्र त्याला ठाऊक नव्हते आणि त्या वेळी फारसे कोणी लक्षही दिले नाही.

त्याच सुमारास युरोपात गलगंडाच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. बर्न येथील थिओडोर कोखर आणि व्हिएन्ना येथील थिओडोर बिलरोथ हे दोघे त्यातले मोठे नाव. आश्चर्य असे की बिलरोथच्या रुग्णांत टिटॅनी जास्त दिसे, तर कोखरच्या रुग्णांत थायरॉइड पूर्ण गेल्यामुळे येणारी सुस्ती आणि सूज. अमेरिकेतील विल्यम हॉलस्टेड याने दोघांचे काम जवळून पाहिले होते. त्याने त्याचा अर्थ असा लावला की कोखरचा हात सावकाश आणि अत्यंत नेटका, म्हणून थायरॉइड पूर्ण निघे पण मागच्या ग्रंथी शाबूत राहत. बिलरोथचा हात झपाट्याचा, म्हणून थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉइड मात्र दुखावल्या जात. कोखरला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते थायरॉइडवरील कामाबद्दल.

याच काळात टिटॅनीचा कॅल्शियमशी असलेला संबंध मॅक्कॅलम आणि फग्टलिन यांनी अमेरिकेत दाखवून दिला. कॅल्शियम दिले की पेटके थांबतात, हे त्यांनी सिद्ध केले. गेंड्यापासून इथवर यायला साठ वर्षे लागली.

३) ग्रंथी उचलून दुसरीकडे रुजवणे

हॉलस्टेड पुढे गेला. १९०९ साली त्याने कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्याच कुत्र्याची पॅराथायरॉइड काढून त्याच्याच शरीरात दुसरीकडे लावली, तर ती जगते असे त्याला आढळले. दुसऱ्या कुत्र्याची लावली तर जगत नाही. आज आपण म्हणतो की शरीर परक्या पेशी ओळखून नाकारते, आणि याचा कारणासकट उलगडा पुढच्या काळात झाला. माणसात थायरॉइडच्या शस्त्रक्रियेच्या वेळी अशी ग्रंथी पुन्हा रुजवल्याचे फ्रँक लाही याने १९२६ साली नोंदवले. १९७० च्या दशकात सॅम्युअल वेल्स याने ही पद्धत पक्की केली आणि ग्रंथी रुजवण्यासाठी हाताची जागा निवडली.

ही शस्त्रक्रिया कशी होते ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: थायरॉइड काढताना एखादी पॅराथायरॉइड रक्तपुरवठ्यापासून तुटली, किंवा चारही ग्रंथी वाढल्यामुळे काढाव्या लागल्या, तर ती टाकून देत नाहीत. थंड सलाइनमध्ये ठेवतात.

दुसरी पायरी: ती खरोखर पॅराथायरॉइडच आहे ना, की चरबीचा गोळा वा लसिकाग्रंथी, याची खात्री करतात. त्यासाठी तिचा कणभर भाग गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

तिसरी पायरी: ग्रंथीचे साधारण एक मिलिमीटरचे तुकडे करतात. आपण सुपारी कातरतो तसे, पण त्याहून कितीतरी बारीक.

चौथी पायरी: मानेच्या स्नायूत, किंवा कोपर ते मनगट या भागातल्या स्नायूत लहान खिसे करून त्यांत हे तुकडे बसवतात आणि जागा ओळखता यावी म्हणून खुणेचा टाका घालतात.

तुकडे एवढे लहान का? कारण रोप लावल्यावर पहिले काही दिवस मुळे धरेपर्यंत ते जसे आजूबाजूच्या ओलाव्यावर जगते, तसेच हे तुकडे आजूबाजूच्या द्रवावर तग धरतात. मोठा तुकडा आतून मरेल. नव्या रक्तवाहिन्या त्यांत शिरायला काही आठवडे लागतात. तोवर रुग्णाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व औषधाने द्यावेच लागते.

आणि हातच का? यातली युक्ती फार सुरेख आहे. पुढे रुजलेली ग्रंथी जास्तच काम करू लागली, तर मान पुन्हा उघडावी लागत नाही. हाताला जागेपुरती भूल देऊन थोडा भाग काढता येतो. शिवाय ती रुजली की नाही ते तपासणे सोपे जाते. दोन्ही हातांच्या कोपरापाशी रक्त घ्यायचे आणि पीटीएच मोजायचे. ज्या हातात ग्रंथी आहे त्या हाताच्या रक्तात ते स्पष्टपणे जास्त आले, तर कारभारी नव्या कचेरीत कामाला लागला असे समजायचे.

यातले आजचे मोठे संशोधन ग्रंथी उचलण्याऐवजी ती मुळात वाचवण्यावर आहे. रक्ताने माखलेल्या जागेत डाळीच्या दाण्याएवढी, चरबीसारखी दिसणारी ग्रंथी ओळखणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात अनिता महादेवन-जॅन्सन यांच्या गटाला २०११ च्या सुमारास असे दिसले की डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशाजवळचा किरण टाकला, तर पॅराथायरॉइड आपणहून आजूबाजूच्या भागापेक्षा अधिक चमकते. कुठलाही रंग टोचावा लागत नाही. या तत्त्वावरची दोन उपकरणे २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केली. महादेवन-जॅन्सन या मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेल्या आहेत. "फिजिक्स घेऊन डॉक्टरकीला काय उपयोग?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

४) लठ्ठपणा म्हणजे नक्की काय

आता दुसऱ्या शस्त्रक्रियेकडे वळू. तिच्याआधी लठ्ठपणा मोजतात कसा ते पाहू.

वजन किलोग्रॅममध्ये घ्या आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. येणाऱ्या आकड्याला बीएमआय म्हणतात. उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलो असेल, तर ६४ भागिले २.५६ म्हणजे २५. युरोपीय लोकांसाठी ३० च्या वर लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी मात्र २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरण्याची शिफारस आहे. असा दुजाभाव का?

याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाचा मोठा वाटा आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघे सारखे, आतून मात्र निराळे. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'वाय-वाय विरोधाभास' म्हणतात.

हे जन्मापासूनच असते, असे त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील अभ्यासात दाखवले. तिथल्या बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो होते आणि इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी बरीच कमी होती, पण त्वचेखालच्या चरबीत तेवढी कमी नव्हती. म्हणून आपल्याकडे 'बारीक दिसणारा' माणूसही मधुमेहाच्या वाटेवर असू शकतो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नये, असे सांगतात ते यासाठीच.

एक सूचना. वरचे आकडे मोठ्यांसाठी आहेत. अठरा वर्षांखालील मुलांसाठी वय आणि मुलगा-मुलगी यांनुसार वेगळे तक्ते असतात. म्हणून विद्यार्थ्यांनी हे गणित करून वर्गात कोणाला चिडवू नये. यामागचे कारण पुढे येईलच.

५) पोटाची शस्त्रक्रिया

आहार, व्यायाम आणि औषधे यांनी भागत नाही, तेव्हा काही रुग्णांना शस्त्रक्रिया सुचवतात. २०२५ साली टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन कमी करणारी इंजेक्शने भारतात आली, त्यामुळे औषधांची बाजू बळकट झाली आहे. तरी शस्त्रक्रियेची जागा अजून आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार आशियाई रुग्णांत बीएमआय २७.५ पासून तिचा विचार करता येतो.

मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते चार पंचमांश इतका भाग काढून उरलेल्याची केळ्यासारखी नळी करतात. याला स्लीव्ह म्हणतात. जठराच्या काढलेल्या भागातच भूक लावणारे घ्रेलिन हे संप्रेरक बहुतांशी तयार होते. ते १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. म्हणजे पोट लहान होते आणि भूकही मंदावते. दुसरा प्रकार बायपास. अमेरिकेतील आयोवा येथे एडवर्ड मेसन याने १९६६ साली तो सुरू केला. यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ड्युओडेनम, टाळून पुढे जाते.

फायदा किती? स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास चालला. शस्त्रक्रिया झालेले २०१० रुग्ण आणि न झालेले २०३७ रुग्ण यांची सरासरी जवळजवळ ११ वर्षे नोंद ठेवली. पहिल्या गटात १०१ जण दगावले, दुसऱ्यात १२९. म्हणजे ५ टक्के विरुद्ध ६.३ टक्के. फरक खरा आहे, पण जादूचा नाही.

मधुमेहाचे आकडे आणखी शिकवण देणारे आहेत. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे १५० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. तीन महिन्यांची साखर दाखवणारी चाचणी ६ टक्के किंवा त्याखाली आणणे हे ध्येय होते. एका वर्षाने ते गाठणारे औषधांच्या गटात १२ टक्के, बायपासमध्ये ४२ टक्के, स्लीव्हमध्ये ३७ टक्के होते. पाच वर्षांनी हेच आकडे ५, २९ आणि २३ झाले. शस्त्रक्रिया औषधांपेक्षा सरस राहिली, हे एक. पण तिन्ही गटांचे आकडे कालांतराने खाली आले, हे दुसरे. शस्त्रक्रिया एका दिवसात होते, सांभाळणे मात्र जन्मभराचे असते.

६) दोन्ही शस्त्रक्रिया कोठे भेटतात

आता पहिल्या भागातला जमाखर्च पुन्हा आठवा. अन्नातले कॅल्शियम प्रामुख्याने शोषले जाते ते ड्युओडेनम आणि त्याच्या लगतच्या भागात. बायपासमध्ये नेमका तोच भाग टाळला जातो. म्हणजे घरचा पगार घटला. त्यातच लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ड जीवनसत्त्व आधीच कमी असते. अशा वेळी कारभारी काय करील? तिजोरी उघडील. पीटीएच वाढते आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात येत राहते.

इथेच फसगत होते. रक्तातले कॅल्शियम तपासले तर अहवाल अगदी बरोबर येतो. खिसा भरलेला दिसतो, कारण तो तिजोरीतून भरला जातो आहे. म्हणून बायपास झालेल्यांनी नुसत्या कॅल्शियमच्या अहवालावर समाधान मानू नये. पीटीएच आणि ड जीवनसत्त्व यांच्याही चाचण्या डॉक्टरांच्या सल्ल्याने कराव्या लागतात. अशा रुग्णांना साधारणपणे दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम अन्न व गोळ्या मिळून लागते. बायपासनंतर सायट्रेट प्रकारच्या गोळ्या पसंत करतात, कारण त्यांना जठरातल्या आम्लाची गरज भासत नाही. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत दोन तासांचे अंतर ठेवतात.

धड्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका मावशींची सात वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात बायपास झाली. वजन उतरले, साखर आटोक्यात आली. दोन वर्षांनी "कॅल्शियम नॉर्मल आहे" म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या. आता गळ्याला गाठ आली आणि थायरॉइड पूर्ण काढायचे ठरले. डॉक्टरांनी विचारले, "मावशी, आधी काही ऑपरेशन?" मावशी म्हणाल्या, "नाही हो, बीपी आहे तेवढं." त्यांना एक तर वाटले की मानेचा पोटाशी काय संबंध. आणि दुसरे, जे त्या कोणाला बोलल्या नाहीत, ते असे की "ऑपरेशन करून बारीक झाली" हे टोमणे ऐकून ऐकून त्यांनी ती गोष्ट मनाच्या तळाशी टाकून दिली होती.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी थायरॉइड काढताना पॅराथायरॉइड काही काळ सुन्न पडणे हे नेहमीचेच आहे. बहुतेकांत ते तात्पुरते असते आणि कॅल्शियमच्या गोळ्यांवर निभावते. पण मावशींची सारी भिस्त त्या कारभाऱ्यावरच होती. तो सुन्न पडला आणि रक्तातले कॅल्शियम झपाट्याने उतरले. तोंडाने गोळ्या द्याव्यात, तर त्या शोषून घेणारी वाट सात वर्षांपूर्वीच वळवलेली. मग शिरेवाटे कॅल्शियम, जास्त दिवसांचा मुक्काम आणि घरच्यांची घालमेल. बायपास झालेल्या रुग्णांना थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर असा त्रास अधिक होतो, हे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे.

मावशींनी एक वाक्य सांगितले असते तर? डॉक्टरांनी आधीच पीटीएच आणि ड जीवनसत्त्व तपासले असते. शस्त्रक्रियेच्या आधीच कॅल्शियम सुरू केले असते. थायरॉइड अर्धीच काढून भागेल का, याचा विचार केला असता. एखादी ग्रंथी तुटलीच, तर ती लगेच स्नायूत रुजवली असती. पुढचे काही दिवस रक्त वरचेवर तपासले असते.

७) आपण काय करावे

पालकांसाठी: घरातील प्रत्येकाची एक फाइल करा. पहिल्या पानावर झालेल्या सर्व शस्त्रक्रिया वर्षासह लिहा, मग ती पोटाची असो, मानेची असो वा जुनी प्रसूतीची. शस्त्रक्रिया करून हातात ग्रंथी रुजवली असेल, तर कोणत्या हातात हे ठळक लिहा. चालू गोळ्या लिहा आणि बंद केलेल्याही लिहा. कोणत्याही डॉक्टरांसमोर ते पान आधी ठेवा. काय उपयोगाचे आणि काय नाही, ते त्यांना ठरवू द्या. मानेच्या शस्त्रक्रियेनंतर ओठांभोवती वा बोटांना मुंग्या आल्या, तर "अशक्तपणा असेल" म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

स्वयंपाकघरासाठी: १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तीळ, दूध, दही, ताक हे आपल्या घरचेच आहेत. संक्रांतीपुरते तीळ न ठेवता चटणीत वर्षभर घालावेत. नाचणीची आंबील आजीने करून दाखवावी आणि नातवंडांनी शिकून घ्यावी. मधल्या सुट्टीचा डबा तळणीचा रोज नसावा.

विश्वस्तांसाठी: मुलांच्या आरोग्य तपासणीत वजन आणि उंची एकेकाला बाजूला बोलावून घ्यावी, आकडा मोठ्याने वाचू नये आणि तो फक्त पालकांना कळवावा. खेळाचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताला देऊ नये. उन्हात अंगावर पडणाऱ्या किरणांनीच त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते आणि आपल्या भोपाळात उन्हाची कमतरता नाही.

विद्यार्थ्यांसाठी: वर्गातल्या एखाद्याला 'जाड्या' किंवा 'ढब्बू' म्हणून हाक मारणे थांबवा. लहानपणी ज्याला आपल्या शरीराची लाज वाटायला लावली जाते, तो मोठेपणी डॉक्टरांपासूनही ती गोष्ट लपवतो. वरच्या उदाहरणातल्या मावशींना जो त्रास झाला, त्यातला काही भाग कॅल्शियमचा होता, काही भाग टोमण्यांचा. पहिल्यावर औषध आहे. दुसऱ्यावरचे औषध आपल्याच हाती आहे.

एम्सपुढच्या माणसांच्या हातातली ती पिशवी आता वेगळ्या नजरेने पाहावी, अशी आमची विनंती आहे. त्या जुन्या कागदांतली एखादी ओळ आत बसलेल्या डॉक्टरांना पुरते आणि पुढचा मार्ग सोपा होतो.

स्वाध्याय

१) रक्तातले कॅल्शियम योग्य असूनही हाडे कमकुवत होत असतील, हे कसे शक्य आहे? जमाखर्चाच्या उदाहरणाने सांगा.

२) पॅराथायरॉइडचे तुकडे एक मिलिमीटरचेच का करतात? मोठे केल्यास काय होईल?

३) स्वीडनच्या अभ्यासात रुग्णांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटले नव्हते, क्लीव्हलँडच्या अभ्यासात वाटले होते. या फरकामुळे निष्कर्षावरच्या आपल्या विश्वासात काय फरक पडतो? वर्गात चर्चा करा.

४) उंची १.५० मीटर आणि वजन ५४ किलो असलेल्या प्रौढ व्यक्तीचा बीएमआय काढा. भारतीय निकषांनुसार ती कोणत्या गटात येते?

५) उपक्रम: आजी-आजोबांजवळ बसून त्यांच्या शस्त्रक्रिया आणि औषधे यांचे पान तयार करा. पान शाळेत आणू नका. ते घरच्या फाइलमध्ये पहिल्या जागी लावा आणि "लावले" एवढेच वर्गशिक्षकांना सांगा.